झाग आणि जाग

तासगाव, सांगली, पुणे व सातासमुद्रापार पसरलेल्या समस्त आप्तेष्टांस कळविण्यात येते की, जबलपुरात आमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी अधूनमधून दिसणारी पिवळसर बाटली लिंबाच्या सरबताची नसते. तरी पाहुण्यांनी कृपया हात आवरावा.

वीस वर्षं तासगावात लग्नपत्रिका छापल्या, त्यामुळे गंभीर बातमी मला अशीच सांगता येते. बातमी खरोखरच गंभीर आहे. पण तिच्याआधी तुम्हाला सगळ्यांना माझ्याबरोबर सात वर्षं मागे, तासगावच्या एस.टी. स्टँडवर यावं लागेल.

बायकोची, वैशालीची, जबलपूरला बदली झाली होती. छपाईचं मशीन चुलतभावाच्या हवाली करून मी निघालो, तेव्हा निम्मी गल्ली निरोपाला आली. लोक नारळ देत होते आणि मला हात पुढे करता येत नव्हते, कारण छातीशी थर्मास होता. त्यात बर्फ आणि आमच्या मुक्ताचं इन्सुलिन. मुक्ता तेव्हा अकरा वर्षांची. मधुमेह नवव्या वर्षापासून. थर्मास मी असा धरला होता, की एका म्हातारबांनी त्याला नमस्कारही केला. आई खिडकीशी आली आणि एवढंच म्हणाली, "परमुलखात आधी कान उघडं ठेव, तोंड मागनं."

मी ऐकलं असतं तर पुढची फजिती टळली असती आणि तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही उरलं नसतं.

जबलपुरातल्या अधारतालला घर मिळालं. महिन्याभरात मुक्ताला नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "बच्ची के पेशाब में झाग आता है क्या?" मी ऐकलं 'जाग'. वाटलं, लघवीसाठी रात्री जाग येते का, असं विचारताहेत. छाती फुगवून म्हणालो, "बिल्कुल नहीं जी! घोडे बेचके सोती है!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. वैशाली भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचू लागली. महिनाभरच इथल्या शाळेत गेलेली मुक्ता माझी बाही ओढून म्हणाली, "बाबा, झाग म्हणजे फेस."

हसू आवरल्यावर बाईंनी जे समजावलं, ते मी पत्रिकेतल्या मुहूर्तासारखं पाठ केलंय. किडनी म्हणजे गाळणी. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की गाळणीतून प्रोटीन झिरपू लागतं. खूप झिरपलं की फेस दिसतो, पण तोवर उशीर झालेला असतो. सुरुवातीला डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून दरवर्षी सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी. लॅब उघडेपर्यंत बाटली फ्रिजमध्ये. तेव्हापासून आमच्या घरात वर्षाचा एक सण जास्त आहे.

सात वर्षांत बरंच बदललं. तिकडे मी 'शुभविवाह' छापायचो, इथल्या छापखान्यात 'शुभ विवाह' आणि खाली 'आपले नम्र'च्या जागी 'दर्शनाभिलाषी' छापतो. फोनवर माझ्या तोंडून 'अच्छा' निघालं की आई विचारते, "कोण बोलतंय?" पोरगी तर पक्की जबलपुरी झाली. तासगावच्या अंगणात खेळलेली ही मुलगी आता दारातून ओरडते, "बाबा, काय करून राहिले? चलो ना!"

यंदा मुक्ता बारावी झाली. नागपूरच्या कॉलेजात जायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात रिपोर्टमधला प्रोटीनचा आकडा पहिल्यांदा वर गेला. मी उभा राहून जाहीर केलं, "नागपूर रद्द! मुलगी घरीच राहील."

"काहून ड्रामा करून राहिले, बाबा?" मुक्ता म्हणाली. "रिपोर्ट आहे, फाशीची सजा नाही."

"आदल्या दिवशी दोन तास बॅडमिंटन खेळली होती ती," वैशाली म्हणाली. "डॉक्टरांना विचारू आधी."

खेळाने, तापानेही आकडा चढतो, बाई म्हणाल्या. एका रिपोर्टवर ठरवायचं नाही. तीन महिन्यांत आणखी दोनदा बघायचं. म्हणून आणखी दोन बाटल्या. तुम्हाला खरं सांगतो, सगळं नाटकीपण गुंडाळून मी फ्रिजसमोर उभा राहायचो आणि बाटली खिडकीच्या उजेडात धरायचो. फेस नाही, गढूळपणा नाही, काही नाही. आयुष्यात कशाची एवढी भीती वाटली नव्हती, जेवढी त्या स्वच्छपणाची वाटली.

दुसरा रिपोर्ट चांगला आला. तिसरा पुन्हा चढा.

"छोटा सा लीक है," बाई म्हणाल्या, "और बहुत जल्दी पकड में आ गया." रोज एक गोळी, साखरेवर आणि ब्लडप्रेशरवर लक्ष, ठरल्या वेळी तपासणी. झिरपणं थांबूही शकतं.

"नागपुर जा सकती हूँ?" मुक्ताने विचारलं.

"किडनी को जबलपुर-नागपुर का फर्क नहीं पता, बेटा. उसे गोली और जाँच पता है."

मी नकारासाठी तोंड उघडलं. भाषण तयार होतं. पण आईचं वाक्य आठवलं आणि सात वर्षं उशिरा का होईना, तोंड मिटलं. म्हणून ऐकू आलं. मुक्ता मोबाईलमध्ये तारखा लिहीत बाईंना विचारत होती, "नागपुर में भी सुबह का पहला सैंपल ही ना?" हा प्रश्न आजवर मी विचारायचो.

परवा तिला नागपूरच्या बसमध्ये बसवलं. इन्सुलिनची पिशवी तिने स्वतःच्या मांडीवर ठेवली. मला धरूही दिली नाही. तुम्ही विचारता ना, आता घर कुठलं, तासगाव की जबलपूर? मला वाटतं, काही दिसू लागण्याच्या आधीच जिथे कुणी 'बघू बरं' म्हणतं, ते घर. ते थर्मासमधून नेता येतं, असा माझा अनुभव आहे.

निरोपाला आईचंच वाक्य म्हणायचं ठरवलं होतं. बस हलली आणि घशातून निघालं भलतंच. आख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडलो, "मुक्ते, झाग की राह मत देखना!"

शब्द तरी यावेळी बरोबर होता. मुक्ताने कपाळाला हात लावला. दारात लटकलेला कंडक्टर वळून म्हणाला, "काय को चिल्ला रहे हो, भैया? बिटिया साबुन भूल गई क्या?"