खुंटीवरची सलाईन

डॉक्टर शुभांगीच्या पायाला भिंगरी होती. आज तलमडुगु गाव, उद्या बेला. जे बरे होणार नाहीत अशा पेशंटांच्या घरी जाऊन त्यांचं दुखणं हलकं करायचं, ही तिची नोकरी. तपासायचं, औषध द्यायचं, समजावायचं आणि स्कूटी काढायची. कुणाच्या घरी ती घटकाभर टेकलेली कुणी पाहिली नव्हती. नुसतं बसायचं म्हटलं की तिचा जीव कासावीस होई.

बेल्याच्या भगवंतराव किराणावाल्यांनी मात्र तिची झोप उडवली. कॅन्सर पोटभर पसरलेला. "आता दवाखाना नको, सुया नको," असं त्यांनी चांगल्या शुद्धीत सांगितलेलं. तरी काल मुलगा सुरेंद्र अडून बसला. "मॅडम, लोकं भेटाले येऊन राह्यले. म्हनतीन, पोरानं बापाले साधी सलाईन नाई लावली!" नको नको म्हणता तिनं बाटली खुंटीला टांगून लावली. काहीतरी केल्याचं समाधान तिलाही हवंच होतं, खोटं कशाला बोला?

आज पाहते तर पाय सुजलेले, छातीत घरघर. शरीराला ते पाणी पेलत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण! स्वतःचाच राग येऊन ती ओसरीवर येरझारा घालू लागली. सलाईन काढली तर गाव म्हणणार, बाईनं मारलं. ठेवली तर म्हातारा घुसमटणार. ती आत आली. भगवंतरावांची बायको रुख्मिणी त्यांचे ओठ ओल्या कापसानं पुसत होती.

"मावशी, सलाईन काढून टाकू. दुखन्याचं औषध चालूच राहीन."

"काढा माय. लई तरास होऊन राह्यला त्याइले."

ते ऐकून सुरेंद्र घरापुढच्या दुकानातून धावत आला. "काढता? मंग तुमी आल्या काऊन?"

ती त्याच्याकडे वळली. "काल लावली तीच माझी चूक, भाऊ. कोनी इचारलं तर माझं नाव सांगा."

तिनं सुई काढली, खुंटीवरची बाटली उतरवली. घरघर कमी करायचं इंजेक्शन दिलं, उशी उंच केली, सुई हलू नये म्हणून मनगटाला बांधलेला पुठ्ठा सोडला.

कालपासून जखडलेला तो हात मोकळा होताच अंथरुणावर चाचपडू लागला. सुरेंद्र अजून रिकाम्या खुंटीकडेच बघत उभा. हाताला त्याच्या शर्टाचं टोक सापडलं.

"सुऱ्या," भगवंतराव पुटपुटले, "दुकान राहू दे. इथं राह्य."

सुरेंद्र मटकन खाली बसला आणि बापाचा हात धरून लहान पोरासारखा रडला.

"तुमीबी बसा, मॅडम," रुख्मिणी म्हणाली. "तुमचाच जीव जास्त घाबरा होऊन राह्यला."

शुभांगी ओशाळली. स्कूटीची किल्ली हातात घट्ट धरून ती सतरंजीच्या कडेला टेकली. तेवढ्यात शेजारची मनकर्णा दारात आली. तिची नजर आधी खुंटीवर गेली.

"काऊन रे सुरेंद्र, सलाईन काढली?"

शुभांगीनं बोलायला तोंड उघडलं. पण सुरेंद्र बापाचा हात न सोडता म्हणाला, "हो. मीच काढाले लावली."

शुभांगीनं किल्ली पर्समध्ये टाकली.