डांबराच्या तळ्यावरून चालून आलेले शेजारी

पिंपळवंडीतले आमचे शेजारी लेकीकडे त्रिनिदाद बेटावर महिनाभर राहून आले आणि साऱ्या आळीच्या डोक्याला ताप झाला. दशक्रियेला गेलं तरी यांचं समुद्रातलं देऊळ, कांदा भरायला बसलं तरी यांचं डांबराचं तळं. माझी मजल माळशेज घाटापर्यंतच, त्यामुळे "हो का?" एवढंच मला म्हणता यायचं.

थोरलीला बघायला घोडेगावचे पाहुणे आले, तेव्हाही हे न बोलावता पुढच्या खुर्चीत. थोरली गावच्या शाळेत शिकवायची. मुलाचे वडील म्हणाले, "आमच्यात सुना नोकरी करत न्हाईत. शाळा सोडावी लागंल." तिचा चेहरा उतरला. मी, तिचा बाप, पोह्यांवर लिंबू पिळत बसलो.

"पावणं," हे सुरू झाले, "तिकडं डांबराचं तळं हाय. मानूस वरनं चालतो, बुडत न्हाई. आन् ते दाखवाया कोन? बाई! तिचा सासरा रोज तिला डबा घिऊन येतो, राव. तुमाला जमंल का?"

मी खाकरलो, डोळे वटारले. उपयोग शून्य. पाहुणे चहा न घेताच उठले.

"अहो, सोयरीक घालवलीत!" मी ओरडलो. ते तळं मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. डबा आणणारा सासरा मात्र त्यात कधीच नव्हता.

"भाऊ, लाल पक्ष्यांचं सांगायचं ऱ्हायलंच," ते म्हणाले.

एरवी त्यांना पाहताच मागच्या दारानं पळणारी थोरली पाट ओढून त्यांच्यासमोर बसली.

"सांगा, काका."