गाठीचा शेजार

माणसं आमच्याकडे मेंदूतली गाठ ठेवून जातात आणि जाता जाता एखादा किस्साही ठेवून जातात. गाठींसाठी उणे ऐंशीचा डीप फ्रीझर आहे. किश्शांसाठी मी आहे, आणि माझ्यात आता जागा उरलेली नाही.

नाशकातल्या एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमची टिश्यू बँक. तपासणीतून उरलेला गाठीचा तुकडा आम्ही जपतो, सोबत पेशंटची माहिती, नाव काढून नुसता कोड लावून. मग कुठल्याही शहरातल्या संशोधकाला ते अभ्यासाला मागता येतं. पण पेशंटची परवानगी लागते. ऑपरेशनच्या तोंडावर ती मागायला जाणारी आगाऊ बाई म्हणजे मी.

विंचूरचे आबा, कांद्याचे व्यापारी. गाठ परत येऊ शकते, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. माझं सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "ठेवा की. पण शेजारी कोण?"

मी म्हटलं, त्यानं काय फरक पडतो? त्यांना माझी दया आली असावी. "ताई, कांद्याच्या चाळीत एक सडला की शेजारचे घेऊन जातो. माझा बरा शेजार बघून ठेवा."

तेव्हापासून दर एमआरआयच्या आधी ते खाली येऊन शेजार कसा आहे ते विचारत. मीही गंभीरपणे, शांत आहे, असं सांगत असे. खरं तर धास्ती त्यांना वरच्या मजल्यावरच्या रिपोर्टची असायची.

* * *

नामपूरच्या एका आजींचा मुलगा ऑपरेशननंतर अडून बसला. शरीरातलं काढलेलं रामकुंडावर गंगेत, म्हणजे गोदावरीतच सोडायला हवं, फ्रीजमध्ये कसं ठेवायचं? आजी डोक्याला पट्टी बांधून पडल्या होत्या. पडल्या पडल्याच म्हणाल्या, "ज्यानी माले इतला तरास दिधा, त्याले गंगा कशाले? थंडीमाच राहू द्या त्याले!"

* * *

सातपूरच्या एका कंपनीतले मशीन ऑपरेटर. कोड वगैरे त्यांना पटलं, पण लेबलचा पांढरा रंग अजिबात पटला नाही. त्यांच्याकडे बिघडलेल्या पार्टला लाल टॅग लागतो. "मॅडम, लाल लावा. नाहीतर सेकंड शिफ्टवाला चांगला समजून परत बसवून टाकेल."

* * *

दसऱ्याला आमचा टेक्निशियन सोनवणे यानं सगळ्या मशीनची पूजा केली. फ्रीझरला झेंडूचा हार घातला. तेवढ्यावर थांबला असता तर तो सोनवणे कसला? बाहेरून हळदकुंकू वाहिलं तर आत काय पोचणार, म्हणून त्यानं दार उघडलं आणि आरती सुरू केली. दुसऱ्या कडव्याला अलार्म वाजला. पॅथॉलॉजीच्या मॅडम धावत खाली आल्या, तर सोनवणे टाळ्या वाजवत म्हणाला, "मॅडम, देव पावला." पुढचे काही दिवस मॅडम काही त्याला पावल्या नाहीत. नमुने मात्र वाचले.

* * *

ऑपरेशननंतर पेशंट कसा आहे, हेही आम्ही फोनवर विचारून नोंदवतो. एकदा पेशंटच्या बायकोनं उचलला. बोलणं ठीक, चालणं ठीक. मी पुढचा प्रश्न विचारला, "स्वभावात काही फरक?"

बाई म्हणाल्या, "नाही ना हो. मला तेवढीच आशा होती."

* * *

आबांच्या गाठीचा एक भाग दुसऱ्या शहरातल्या संशोधकांनी अभ्यासाला मागवला. आबांना सांगितलं, तर त्यांनी कांदा मार्केटभर पेढे वाटले. का, तर "पोरगं शिकलं नाय, निदान गाठ तरी शिकायला गेली."

त्यानंतरच्या तपासणीला ते वरून रिपोर्ट घेऊन आले. बोलताना एखादा शब्द अडकत होता. पुन्हा ऑपरेशन ठरलं होतं. पुन्हा परवानगी मागणं माझं काम होतं. मी कागद उगाच सरळ करत बसले. मला फार वाईट वाटत होतं.

शेवटी आबांनीच कागद ओढला आणि सावकाश सही केली.

"ह्याला पहिल्याच्या शेजारी ठेवा," ते म्हणाले. "घरचाच हाय. नासवायचा नाय."