बाबांच्या फोनवरचं बोट

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं चोरून वाचतोय आणि मनातल्या मनात हसतोय. घाटात लिफ्ट मागणारा माणूस, पिंपळाखालची बाई... वाचायला मजा येते, विश्वास शून्य. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव, अंगारे, उतारे सगळे बाहेर गेले ते गेलेच. आमच्याकडे पोर भुताला घाबरलं तर त्याच्या हातात टॉर्च देऊन त्याला अंधाऱ्या जिन्यात पाठवायचे, जा बघून ये म्हणून. म्हणजे न मानणं हा आमच्या घरात शिस्तीचा भाग आहे. म्हणून हे लिहिताना मला लाज वाटतेय. पण कुठेतरी लिहायलाच हवं.

मी लोअर परळच्या एका ऑफिसात आयटी सपोर्टला आहे. राहतो डिलाईल रोडला, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर — आई, मी आणि माझी बायको प्रज्ञा. ऑफिस सुटलं की माझी चाळीतली ड्युटी सुरू होते. फोन चार्ज होत नाही? टूथपिकने चार्जिंगच्या भोकातला कचरा काढतो. स्टोरेज फुल? गुड मॉर्निंगची फुलं उडवतो. आवाज येत नाही? ब्लूटूथ बंद करतो, कारण आवाज शेजारच्यांच्या स्पीकरवर चाललेला असतो. आणि काहीच सुचलं नाही तर बंद करून चालू करतो. बहुतेक आजार तेवढ्यावर बरे होतात. लोकांना वाटतं मला फार येतं. मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर भोईवाड्याला एका बिल्डिंगमध्ये वॉचमन झाले. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. तेव्हा मी त्यांच्या फोनवर टॉकबॅक चालू करून दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — ही दृष्टी नसलेल्यांसाठीची सोय असते. स्क्रीनवर बोट जिथे टेकेल तिथलं नाव फोन मोठ्याने वाचतो. हवं ते नाव आलं की दोनदा टॅप करायचं. एकदा सुरू झालं की ते बोटाच्या मागे चालतं. यादीतली नावं एकामागून एक वाचली जातायत म्हणजे कुणीतरी बोट फिरवतंय, एवढं लक्षात ठेवा.

बाबांची पद्धत आडमुठी होती. नावांची यादी ते तळापासून वर वाचायचे. "वरती सगळी अ-आवाल्यांची गर्दी असते," असं म्हणायचे. आणि दर वेळी हव्या त्या नावाच्या एक पुढे जायचे. मग थांबायचे, "छ्या" म्हणायचे आणि एक मागे यायचे. मी किती वेळा सांगितलं, बाबा, जरा हळू. ऐकले नाहीत. नंबर म्हणाल तर दोनच पाठ होते, आईचा आणि माझा.

गेल्या वर्षी झोपेतच गेले. जलदान विधी झाला, पाहुणे गेले, घर एकदम मोठं वाटायला लागलं. बँक, गॅस सगळं बाबांच्या नंबरवर, म्हणून त्यांचा फोन आईने घ्यायचा ठरलं. तिचा स्वतःचा जुना, बटणांचा फोन होता. त्याची बॅटरी फुगली होती, ती मी काढून भंगारात दिली. सिम काढून टाकलं, रिचार्ज केलं नाही, नंबर बंद झाला. रिकामा डबा मात्र आईने टाकू दिला नाही, कपाटात साड्यांखाली ठेवला. बाबांच्या फोनवरचं टॉकबॅक मी बंद केलं. तिला दिसत होतं, तिला त्याची काय गरज?

त्या रविवारी दुपारी आम्ही जेवून बसलो होतो. आई मेथी निवडत होती. फोन फ्रिजवर होता, त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. तो एकदम बोलला — "टॉकबॅक सुरू."

आवाजाची दोन्ही बटणं जरा वेळ दाबली गेली की ते चालू होतं. मला वाटलं फोन फ्रिजवरच्या एखाद्या डब्याला टेकला असेल. मी उठत होतो, तेवढ्यात पुन्हा — "संपर्क." मग थोडं थांबून, "हरीश प्लंबर." "सुरेखाताई." "सिद्धार्थ." "संगीता." सगळं तळापासून वर. आणि मग मागे — "सिद्धार्थ."

"एक पुढे गेले," आई म्हणाली. मान वर न करता, मेथी निवडत, अगदी रोजच्या आवाजात.

माझ्या अंगावर काटा आला तो फोनमुळे नाही, तिच्या आवाजामुळे.

पण मी आयटीवाला. स्क्रीन आपोआप दाबली जाते याला आमच्याकडे घोस्ट टच म्हणतात. नावावर जाऊ नका, साधा बिघाड आहे. ओल, हलका चार्जर, सुटलेला स्क्रीनगार्ड, काहीही कारण असतं. मी स्क्रीन पुसली. गार्ड सोलून काढला. चार्जर बदलला, कव्हर काढलं, अपडेट मारलं, सेफ मोडमध्ये टाकून पाहिलं. बटणांचा शॉर्टकटच बंद केला. दुसऱ्या दुपारी आईने ऑफिसात फोन केला. "मिलिंद, आज व पर्यंत आलेत," म्हणाली.

सुट्टी टाकून मी घरी बसलो. डेव्हलपर सेटिंगमध्ये एक सोय असते, ती चालू केली की बोट जिथे टेकतं तिथे पांढरा ठिपका दिसतो. बिघाड असेल तर ठिपके कुठेही उड्या मारतात, एक इथे, एक तिथे. मी फोन टेबलावर मध्यभागी ठेवला आणि समोर खुर्ची घेऊन बसलो.

दुपारी ठिपका आला. एकच. तो उड्या मारत नव्हता. एका नावावरून दुसऱ्या नावावर सरकत होता, मध्ये टेकून दम खात होता, एक पुढे जात होता, एक मागे येत होता. मी स्क्रीनवर तळहात धरला, अगदी जवळ. मला काही लागलं नाही. ठिपका माझ्या हाताखालून पुढे गेला. मी हात काढला तेव्हा तो गार पडला होता. खोटं का बोलू, मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

समोरच्या खोलीतल्या परबकाकी कपडे वाळत घालत होत्या. त्यांचा फोन महिन्यातून एकदा माझ्याकडे येतो. माझं तोंड बघून म्हणाल्या, "काय झाला रे?" मी अर्धवट सांगितलं. त्यांनी चिमटा खाली ठेवला. "मिलिंदा, ह्या काय फोनचा काम नाय. नारळ ठेव, देवाक गाऱ्हाणा घालूया."

"आमच्यात नसतं काकी."

"तुमच्यात नसता, ता म्हायत हा माका. त्येंका म्हायत हा काय?" असं म्हणून त्या आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात बोट यादीच्या वरच्या टोकाला पोचलं. "आशा. कॉल करण्यासाठी दोनदा टॅप करा." आशा म्हणजे माझी आई. दोनदा टॅप झालं. आणि कंपनीची ती बाई बोलली, की हा नंबर अस्तित्वात नाही. थोड्या वेळाने पुन्हा कॉल, पुन्हा तेच. मग रोज दुपारी हेच सुरू झालं.

आई त्या वेळी फोनसमोर पाट घेऊन बसायची. आधी नुसती ऐकायची. मग एक दिवस रडली. "त्यांना मी लागत नाही रे," म्हणाली. "माझा जुना नंबर चालू करून दे."

"आई, हे काय बोलतेस? तूच आम्हाला शिकवलंस ना, भूतबीत काही नसतं?"

"भूत कोण म्हणतंय? तुझे बाबा आहेत ते."

  नंबर मी चालू करून दिला नाही.

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. आईला बीपी आणि शुगर दोन्ही आहे. प्रज्ञाने एक दिवस मला डबी दाखवली, गोळ्या तशाच होत्या. जेवण चार घासांवर आलं होतं. गाल आत गेले होते आणि चेहरा मात्र शांत, लग्नाला निघालेल्या माणसासारखा. मी ओरडलो तिच्यावर. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "ते तिकडे बोलवतायत आणि मी इथे गोळ्या खात बसू?"

ते बोट बाबांचं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की ते माझ्या आईला न्यायला आलंय आणि ती जायला तयार आहे. बाबांवर माझा फार जीव होता, पण त्या दिवसांत मला त्यांचा राग यायचा.

रविवारी सकाळी प्रज्ञा तिला विहारात वंदनेला घेऊन गेली. मी बाबांचा फोन घेतला, सिम काढलं आणि फॅक्टरी रीसेट मारला. नावं, नंबर, सेटिंग, सगळं साफ. याच्यापुढे आमच्या धंद्यात इलाज नाही. फोन कोरा होऊन उठला, स्वागताची स्क्रीन आली. मी टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

कोऱ्या फोनवर टॉकबॅक लावायचं तर त्या स्वागताच्या स्क्रीनवर दोन बोटं टेकवून धरून ठेवावी लागतात. हे फार कमी लोकांना माहीत असतं. बाबांना मी शिकवलं होतं, दुकानातून फोन आणला त्याच दिवशी.

स्क्रीनवर काहीच हललं नाही. थोडा वेळ गेला आणि फोन इंग्रजीत बोलला, टॉकबॅक ऑन.

मी खुर्चीला धरून उभा राहिलो. त्याच वेळी दार उघडून आई आणि प्रज्ञा आत आल्या. फोन वाचत होता — स्टार्ट. इमर्जन्सी कॉल. त्यावर दोनदा टॅप झालं. आकड्यांची पाटी उघडली. नावांची यादी आता नव्हती, पण बाबांना यादीची गरज कुठे होती? एकेक आकडा इंग्रजीत वाचला जायला लागला, सावकाश. मध्ये एक आकडा चुकला, खोडला गेला, पुन्हा लागला. चौथ्या-पाचव्या आकड्याला मी नंबर ओळखला. आईनेही ओळखला.

त्या पाटीवरून पोलीस-ॲम्ब्युलन्सशिवाय कुठेही फोन लागत नाही. आत सिमही नव्हतं. मी हे स्वतःला सांगत होतो, तेव्हा कपाटात साड्यांखाली आईचा जुना फोन वाजायला लागला.

तीच टिणटिण. बाबा जिवंत असताना आई बाजारात गेली की वाजायची ती. ज्याची बॅटरी मी माझ्या हाताने काढली, तो फोन वाजत होता. प्रज्ञाने माझा दंड घट्ट धरला. गॅलरीतून परबकाकींचा आवाज आला, "आशाताई, फोन वाजता हा तुमचो."

आई कपाटाकडे निघाली. मी आडवा गेलो, तिचा हात धरला. तिने सोडवायला पाहिला, एवढा जोर तिच्यात कुठून आला होता कोण जाणे.

"सोड मिलिंद. त्यांचा आहे."

"माहितीय मला." हे माझ्या तोंडून निघालं तेव्हा माझं मलाच कळलं की मी मानलं. "माहितीय आई, त्यांचा आहे. तरी उचलू नकोस. माझ्यासाठी थांब."

ती माझ्याकडे बघत राहिली. फोन वाजत होता. शाळेच्या पहिल्या दिवशी मी तिचा हात असाच सोडत नव्हतो, असं काहीतरी भलतंच मला त्या क्षणी आठवलं. मी रडत होतो, हे प्रज्ञाने मला नंतर सांगितलं.

मग टिणटिण थांबली. टेबलावरचा फोन बोलला, कॉल एंडेड. आणि गप्प झाला.

आई पलंगावर बसली. पदराने तोंड पुसून म्हणाली, "गोळी दे." पाणी प्यायली. मी साड्या बाजूला करून जुना फोन काढला, मागचं झाकण उघडलं. आत बॅटरीची जागा रिकामी होती, सिमचीही.

याला सहा महिने होत आले. बाबांचा फोन बंद करून ठेवलाय, पुन्हा बोललेला नाही. आई नीट जेवते, गोळ्या घेते, परवा प्रज्ञाशी भांडलीसुद्धा, म्हणजे तब्येत बरी आहे. मी ओळखीच्या दोन-तीन इंजिनीअरना विचारलं. त्यांनी स्क्रीन, मदरबोर्ड, जवळ ठेवलेला मॅग्नेट असली कारणं सांगितली. मीही लोकांना तीच सांगत आलोय. रिकामा फोन का वाजला, ते कुणी सांगत नाही. मलाही सांगता येत नाही.

फक्त त्या दिवशी संध्याकाळी आई एक वाक्य बोलली, ते माझ्या डोक्यातून जात नाही. खिडकीशी बसली होती. म्हणाली, "मी नाही उचलला. आता कुणाला लावतील रे ते?"

 बाबांना दोनच नंबर पाठ होते.

नको ते फोन येतात म्हणून कुणी रडत आलं तर मी सरळ सांगतो, नवीन सिम घ्या, विषय संपला. अर्ध्या तासाचं काम आहे. दुकान आमच्या चाळीच्या खालीच आहे, मी रोज त्याच्यासमोरून जातो. माझा नंबर मी अजून बदललेला नाही. का, ते विचारू नका. फोन वाजला की नाव दिसेपर्यंत मी त्याला हात लावत नाही. त्या दिवशी आईचा हात धरायला मी होतो. माझा धरायला त्या वेळी कुणी जवळ असेल की नाही, माहीत नाही. म्हणून हल्ली मी प्रज्ञाला सांगून ठेवलंय — मी घरात असलो की दुपारी बाहेर जाऊ नकोस.