पायाळू प्रज्ञाचा घोटा

सोमवारी सकाळी प्रज्ञाने टेबलावर पाय ठेवला आणि घोटा पुन्हा सुजल्याचं मला मोज्याच्या रबराचा खोल वळ पाहूनच कळलं. शनिवारी हाच पाय मी चांगला घरी पाठवला होता. तेव्हा घोट्याचं हाड स्वच्छ दिसत होतं. आता हाड गायब होतं आणि त्या जागी टम्म फुगलेली पुरी होती.

"पळालीस?"

"नाही मॅडम."

"शेतात गेली होतीस?"

"नाही. आईले विचारा."

तिची आई, सुनंदाबाई, शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिनेही नाही म्हणून मान हलवली. खोटं बोलणारा पेशंट मला लांबून ओळखू येतो. या दोघी खोटं बोलत नव्हत्या, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

मी अकोल्यात एका ऑर्थोपेडिक हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं, आम्ही शेक देतो आणि मशीन लावतो. खरं काम वेगळंच असतं. दुखलेल्या अवयवाला किती आराम द्यायचा आणि कधी कामाला जुंपायचं, याचा हिशेब ठेवायचा. आराम जास्त झाला तर सांधा आखडतो, घाई झाली तर पुन्हा सुजतो.

प्रज्ञा तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यातली. पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे शेताकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यावर पळताना बैलगाडीच्या वाळलेल्या चाकोरीत पाय गेला आणि घोटा आतल्या बाजूला वळला. मागच्या भरतीत ती थोडक्यात राहिली होती. या खेपेला झालं नाही तर लग्न, असं वडिलांनी सांगून ठेवलं होतं. मुलगाही पाहून झाला होता. ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी दीड-दोन महिन्यांवर आली होती. त्यात मुलींना आठशे मीटर पळावं लागतं.

घोटा मुरगळला की लोक म्हणतात, हाड सरकलं किंवा नस चढली. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. पाय वळला की त्या ताणतात, कधी थोड्या फाटतात. प्रज्ञाची पट्टी थोडी फाटली होती. एक्सरेत हाड शाबूत होतं. अशी पट्टी आपली आपण जुळते, फक्त तिला जुळू द्यावं लागतं. आधी बर्फ, पाय उंचावर आणि घोट्याला पट्टा. मग हलक्या हालचाली, मग ताकदीचे व्यायाम आणि सगळ्यात शेवटी पळणं. यात जादू काही नाही. पोरगी आज्ञाधारक होती. मी दहा वेळा सांगितलं तर ती अकरा वेळा करायची.

तरी दर सोमवारी सूज. आठवडाभर उतरायची आणि सोमवारी हजर.

मी आमच्या सरांना दाखवलं. सर म्हणजे हॉस्पिटलचे मालक, अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांनी घोटा इकडेतिकडे हलवून पाहिला.

"पट्टी सैल वाटते. एमआरआय करू. आणि मॅडम, ग्राउंड विसरायला सांगा तिला."

"सर, तिची शेवटची संधी आहे."

"लिगामेंटला ते माहीत नाही."

सरांचं बोलणं असंच. मी प्रज्ञाला लगेच काही सांगितलं नाही. एमआरआयचं तेवढं सांगितलं. तिने एकच विचारलं, "मले पळता येईन ना?" मी पाहू म्हटलं. पाहू म्हणजे नाही, हे पेशंटला आपल्याआधी कळतं. ती खाली मान घालून मोजा चढवत बसली आणि मला माझाच राग आला.

त्याच आठवड्यात सरांची कंबर धरली. ऑपरेशनला उभे राहून राहून त्यांना उसण भरली होती. दुपारी एक रिपोर्ट दाखवायला मी त्यांच्या केबिनचं दार ढकललं, तर सर तपासणीच्या टेबलाशेजारी फरशीवर चादर टाकून पालथे झोपलेले. प्रज्ञा भिंतीला हात लावून दुखऱ्या पायावर उभी, आणि दुसऱ्या पायाचा तळवा सरांच्या कमरेवरून हळूहळू फिरवत होती. सुनंदाबाई बाजूला उभी राहून इथं नाही, थोडं खाली, असं सांगत होती.

सरांनी मान वळवून मला पाहिलं.

"मुलगी पायाळू आहे," ते म्हणाले.

जन्माच्या वेळी ज्याचे आधी पाय बाहेर येतात, तो पायाळू. पायाळूचा पाय कमरेवरून फिरला की लचक उतरते, हा आपल्याकडे जुना समज. माझ्या आजोळीही एक पायाळू मामा होते. सुनंदाबाईने बोलता बोलता सरांना हे सांगितलं असणार, आणि कमरेने माणूस हैराण झाला की डिगऱ्या भिंतीवर राहतात.

पण माझं लक्ष सरांकडे नव्हतं. प्रज्ञाचं सगळं वजन त्या अर्धवट जुळलेल्या पट्टीवर होतं आणि तोल सावरताना घोटा थरथरत होता.

"हे घरीही करतेस?" मी विचारलं.

"हो. रविवारी लोकं येतात ना."

"किती?"

"जेवढे येतीन तेवढे. कधी दुपार होते."

पळालीस का, शेतात गेलीस का, ओझं उचललंस का, सगळं विचारून झालं होतं. हे तिला कामच वाटत नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं. दुसरा पाय का वापरत नाहीस, असंही मी विचारलं. ती म्हणाली, दुखऱ्या पायाने गुण येत नाही असं लोक म्हणतात, म्हणून तो खाली आणि चांगला वर. मी डोक्याला हात लावला. सर चादर झटकत उठले आणि एमआरआय तूर्त राहू द्या म्हणाले.

मी दोघींना माझ्या खोलीत नेलं. हे बंद केलं नाही तर ग्राउंड गेलं समजा, असं स्पष्ट सांगितलं. देवाधर्माचं काही असेल तर नंतर पाहा, असंही वर म्हटलं. सुनंदाबाई पदराचं टोक पिळत म्हणाली,

"देवाचं नाही मॅडम. आमी बौद्ध. आमी हे काही मानत नाही. पायात काय असते?"

"मग नाही म्हणा ना लोकांना. काहून नाही म्हणत?"

"आमचं घर विहारापाशी, गावाच्या कडेले. निवडणूक सोडली तर मोठे लोकं तिकडं फिरकत नाहीत. आता तिच्यापायी येतात. दारात चपला काढतात. माझ्या पोरीच्या पायाखाली पाठ देतात." तिने माझ्याकडे पाहिलं. "एरवी कोन येते, मॅडम, आमच्या दारात?"

कॉलेजात शिकवलेलं सगळं मी त्या क्षणी गुंडाळून ठेवलं. एका बाजूला पोरीची नोकरी आणि दुसऱ्या बाजूला ही चपलांची रांग. मी कोण तोलणारी?

प्रज्ञा मोज्याशी चाळा करत होती. तीच बोलली.

"आई, ते आपल्याकडं नाही येत. पायाकडं येतात. काम झालं का उभ्याउभ्या जातात. पान्याले तरी थांबलं का कोनी?"

सुनंदाबाईचे डोळे भरले होते. मग उठली, पिशवी उचलली आणि बस निघून जाईल म्हणाली.

पुढच्या रविवारी सुनंदाबाई दारातच बसली. आलेल्याला सांगत राहिली, पोरीचा पाय दुखते, जमत नाही. गावातले एक बडे शेतकरी, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, चांगलेच भडकले. पायाळूनं नाही म्हटलं तर पाप लागते म्हणाले. "लागू द्या मले," असं आपण त्यांना सांगितलं, हे सुनंदाबाईने मला सोमवारी सांगितलं.

त्या सोमवारी सूज नव्हती.

पुढचं सगळं पुस्तकातल्यासारखं झालं. ताकद आली, मग मी तोलाचे व्यायाम सुरू केले. लिगामेंट दुखावलं की पायाची तोल सांभाळायची अक्कल कमी होते, ती परत शिकवावी लागते. त्यासाठी एका पायावर उभं राहायचं आणि दुसरा पाय हवेत फिरवायचा. प्रज्ञा हसू दाबत होती. "हे तं येते मले," म्हणाली. मलाही हसू आलं. ज्या गोष्टीने पाय बिघडवला तीच आता औषध होती, फरक फक्त वेळेचा होता.

मग चालणं, मग मातीच्या सपाट मैदानावर हळू पळणं, मग वेगात. पांदण रस्ता मी बंद केला. ग्राउंडच्या दिवशी माझं कशातच मन लागलं नाही. दुपारी तिचा फोन आला. आठशे मीटर कसं गेलं, पाय दुखला का, मी एका दमात विचारलं. "पायाची याद नाही आली मॅडम," ती म्हणाली. फिजिओथेरपिस्टला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नसतं. मी फोन ठेवला आणि थोडा वेळ दार लावून बसले.

लेखी परीक्षा झाली आणि यादीत तिचं नाव आलं. ती ट्रेनिंगला गेल्यावर सुनंदाबाई पेढे घेऊन एकटीच आली. सरांना दिले, मला दिले आणि त्याच स्टुलावर बसली.

"भाऊसाहेब आले होते," ती म्हणाली. "मले वाटलं कंबर धरली असन. म्हटलं, पोरगी घरी नाही. तं म्हने, ठाऊक हाये, तुमालेच भेटाले आलो. घरात येऊन बसले, मॅडम. पानी मागून पेले."

एवढं सांगून ती रडायला लागली आणि मी पेढ्याचा घास तसाच तोंडात धरून बसले.

घोट्याबद्दल जे शिकायचं ते मी कॉलेजात शिकले होते. पेशंटला काय विचारायचं ते मात्र या केसमध्ये कळलं. तू काय काय करतेस, एवढं विचारून भागत नाही. लोक तुझ्याकडून काय करून घेतात, तेही विचारावं लागतं.