हणमंत टर्नरची दाढ

शुक्रवार पेठेत लेथवर लोखंड कातण्यात उभी हयात घालवलेल्या हणमंत टर्नरचा जगात दोनच गोष्टींवर जीव: घट्ट बसलेला टेपर, म्हणजे निमुळता सांधा, आणि बायकोच्या, शालनच्या हातची कडक भाकरी. त्यातली भाकरी चार वर्षांपूर्वी सुटली. खालची दाढ गेली, तिच्या जागी बसवलेलं इम्प्लांटही डुगडुगायला लागलं आणि काढलं तेव्हा भोवतालचं हाड झिजलेलं. तेव्हापासून मऊ भाकरी दुधात कुस्करून गिळायची. गडी पार वैतागला होता.

"काका, हाडाची भर घालून पुन्हा बसवू," दातांची डॉक्टर कीर्ती म्हणाली. "पण हे शेवटचं. परत हाड गेलं तर बसवायला जागाच उरणार नाही."

हणमंतनं आधी जुनं इम्प्लांट मागून घेऊन भिंगाखाली धरलं. हाडातल्या खुंटीवर वरचा भाग नुसता सपाट टेकवून स्क्रूनं आवळलेला.

"हितंच तर घोळ हाय की! चावताना ह्यो केसभर हलणार, फट पडणार."

"आणि फटीत जंतू राहतात. हाड त्यांच्यापासून मागं सरतं," कीर्ती म्हणाली. "तेवढं एकच कारण नसतं, पण हे बघा." तिनं नव्या जोडाचा नमुना त्याच्या तळहातावर ठेवला. वरचा भाग निमुळता, खुंटीच्या पोटात रुतणारा. मानेशी खुंटीहून बारीक, म्हणजे सांधा हाडाच्या कडेपासून लांब.

टेपर! हणमंतचे डोळेच चमकले. पण शाई लावल्याशिवाय टर्नर टेपरवर विश्वास ठेवत नाही. त्यानं खिशातली मार्किंगची निळी शाई नमुन्याला पुसटशी लावली, आत घालून हलकेच फिरवला, बाहेर काढला. निळा रंग चहूबाजूंनी सारखा पुसलेला, म्हणजे कुठंच फट नाही.

"मॅडम, बसवा! लई झाक काम हाय!"

दाढ बसली. तरी पठ्ठ्यानं कडक भाकरीला हात लावला नाही. मोजल्याशिवाय जॉब पास करायचा नाही, ही त्याची जुनी खोड. वर्षानं शालनला घेऊन तो एक्स-रेला गेला. कीर्तीनं दाढ बसवतानाचा आणि आताचा फोटो शेजारी-शेजारी लावला. हणमंतनं डोळे बारीक करून हाडाची कड शोधली.

"तितंच हाय! शालन, हाड तितंच हाय!" सगळा दवाखाना दचकला.

शालननं पिशवीतून फडक्यात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. हणमंतनं कडकन तुकडा मोडला, नव्या दाढेखाली घेतला. काय तो आवाज! शेजारी शालननंही एक तुकडा तोंडात टाकला आणि तिचे डोळे भरून आले.

"काय झालं गं?"

"पाच वर्सांनी खातीया. तुमच्याम्होरं वाजवत खायाला जीव झाला न्हाय."

हणमंतचं चावणं थांबलं. उरलेली सगळी भाकरी त्यानं तिच्या हातात ठेवली.

"खा," तो म्हणाला. "चांगली वाजवून खा."