लोणारच्या पाण्यावरची शर्यत

माझी विमानं उडत नसत, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या बीबी गावात घरी जो येई तो पहिलं हेच विचारी, "उडते काय मास्तर?" आणि नाही म्हटलं की मी त्याला गंडवलं असं तोंड करी. अरे बाबा, उडवायचीच हौस असती तर पतंग नसता का केला? मी शाळेत मास्तर होतो, चित्रकलाही मीच शिकवायचो, आणि सुटीच्या दिवशी ओसरीवर बसून पांगाऱ्याच्या लाकडाची विमानं कोरायचो. पाण्यावर उतरणारी, शर्यतीची, जेटची. असली विमानं जगात कुठेच झाली नव्हती. गावात मला 'इमानवाला मास्तर' म्हणत आणि माघारी पागल म्हणत, तेही मला ठाऊक होतं.

हे खूळ मूळ दादाचं. माझा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फौजेत फिटर होता, समुद्रकाठच्या एका तळावर, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या कामावर. एकदा सुटीवर आला तेव्हा त्यानं मला विलायती मासिकातलं एक चित्र आणून दिलं. दोन लांब होड्यांवर उभं राहिलेलं लाल विमान. अशा विमानांच्या पूर्वी शर्यती व्हायच्या, मग बंद पडल्या, असं त्यानं सांगितलं. आता जेटचं इंजिन निघालंय म्हणे, ते याला लागलं तर काय बहार येईल, असंही म्हणाला. मग तो परत गेला, आणि ज्या बोटीवर त्याला चढवलं ती बोट पुढे कुठे गेली ते कुणी सांगेना. 'बेपत्ता' एवढा एक शब्द घरी आला. त्या शब्दाचं काय करायचं असतं, हे काही कुणी कळवलं नाही.

मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं, की लढाई झालीच नाही. शर्यती बंद पडल्याच नाहीत, दरसाल होत राहिल्या, विमानांना जेट लागलं आणि सात नंबरच्या विमानात दादा बसला. लढाई नाही म्हणजे दादा हरवला नाही, इतका सरळ हिशेब. दर सालाला मी एक नवं विमान करायचो. पाण्यावर टेकणाऱ्या होड्या ज्वारीच्या धांड्यातल्या गाभ्याच्या, पोरं खेळातल्या बैलगाड्या करतात त्याच्याच. जेटचं नळकांडं फाउंटन पेनच्या टोपणाचं. सरस आणि काचकागद पैसे देऊन आणायचो, लाल रंग मात्र पाट्या रंगवणाऱ्याकडून गोड बोलून उपटायचो.

दादाची बायको, माझी वहिनी, फळीवरच्या विमानांची धूळ पुसायला यायची. नवऱ्याचा सहवास तिला जेमतेम दोन पावसाळे. कुंकू मात्र ठसठशीत लावायची. माझ्या मनातल्या शर्यती मी तिला कधीतरी सांगितल्या होत्या. एके दिवशी फडकं हातात घेऊन तिनं विचारलं, "या सालची शर्यत कोणी जितली?"

मी थट्टेत म्हणालो, "दादा दुसरा आला."

ती हसली नाही. "दुसरे काऊन?"

वळणावर वारा आडवा आला, असं मी काहीतरी ठोकून दिलं. "त्यायले घाई लय," ती म्हणाली आणि पुढची फळी पुसू लागली.

त्यानंतर सकाळच्या चहाबरोबर ती रोज शर्यतीची खबर विचारू लागली. मीही रंगवून सांगायचो. बिचारीला तेवढाच विरंगुळा, असं मला वाटायचं. मग एकदा शाळेतून येताना वाटेत मनात आलं, की यंदा उतरताना सात नंबरची डावी होडी मोडायची. कुणाजवळ बोललो नव्हतो. घरी आलो तर वहिनी सुपात तूर पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "डाव्या अंगानं लागलं त्यायले. जास्त नाही."

मी पायातल्या वहाणा न काढताच ओसरीवर बसलो.

तेव्हापासून माझं ठरवणं संपलं. ती सांगायची आणि मी कोरायचो. "यंदाचं इमान लांबट हाय." "शेपूट बदलली." "त्यायच्या कानशिलावरचे केस पांढरे होऊन राह्यले." हे सगळं ती वांगी महाग झाल्याचं सांगावं तशा आवाजात सांगायची. भर दुपारी पीठ मळताना मधेच थांबायची, हात तसेच परातीत, आणि आभाळाकडे कान द्यायची. मीही कान द्यायचो. पिंपळावरचे पोपट आणि शेजारची पाट्यावरची खरखर, बाकी काही नाही. मला भीती वाटायची, कशाला खोटं बोलू? पण भीतीहून जास्त आनंद व्हायचा. मला माझ्या भावाची खबर मिळत होती.

आई होती तोवर कुणाची पुढचं बोलायची छाती नव्हती. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील, आई गेली, आणि काका घरी येऊन बसले. आमच्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या देठांचा पुतळा बांधून त्यालाच अग्नी देतात, की माणूस गेला. आमची तर बारा केव्हाच उलटून गेली होती.

"तो मधीच लटकला हाय बे," काका म्हणाले. "ना जित्यात ना मेल्यात. तुह्या मायच्या शेजारी त्याले पिंड नाही, पाणी नाही. किती तहानला ठेवता त्याले?"

त्यांचंही खोटं नव्हतं. आणि वहिनीचे हाल मी बघतच होतो. हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं, पण ओटी भरताना बायांचा हात थबकायचा. हिला सवाशीण म्हणावं की नाही, हे त्यांनाच कळत नव्हतं. वहिनी रिकाम्या ओटीनं घरी यायची आणि चूल पेटवायला लागायची. विधी झाला की कुंकू जाणार. नाही झाला तर जन्मभर असंच दारात उभं राहणं.

पुतळ्याचं काम काकांनी माझ्याच गळ्यात मारलं. "तुह्या हाताले जमते."

मी अंगणात बसून देठ बांधत गेलो. भटजींनी नुसता माणसाचा आकार पुरे म्हणून सांगितलं होतं. पण मला मापाची खोड. उंची दादाची घेतली, हात त्याच्यासारखे लांब केले, आणि त्याचा डावा खांदा जरा पडका होता तोही बांधताना आपोआप पडका झाला. वर पाहिलं तर वहिनी समोर उभी.

"खांदा बरोबर साधला," ती म्हणाली. मग काकांकडे वळली. "पण हे आत्ता जाळता येत नाही."

"काऊन?"

"ते वर हायेत. शर्यत सुरू हाय. वर असलेल्या माणसाले कसं जाळसान?"

काकांनी कपाळावर हात मारला. मला हसू यायला हवं होतं, पण मी हातातला देठ खाली ठेवला.

"भाऊजी, या सालचं इमान झालं न? लोणारच्या तळ्यावर चला," ती म्हणाली. "उतरवून आणू त्यायले. मंग करा."

काका घरभर बडबडत राहिले, पण पुतळा सोप्यात झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं लोणारला गेलो. झाडीतून विवरात उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ते हिरवं पाणी, त्याचा नाकाला झोंबणारा वास, काठाला पांढरा खार. त्या पाण्यात मासोळी नाही. वारा तर औषधालाही नव्हता.

वहिनीनं विमान पाण्यावर ठेवलं आणि दोन बोटांनी ढकललं. दोन बोटांच्या धक्क्यानं लाकूड किती जाणार? हातभर जाऊन थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही. सरळ, सावकाश, मागे एक रेघ ओढत मध्याकडे निघालं. त्याला ओढणारं काही दिसत नव्हतं. मी मनात म्हणत होतो, थांब, आता थांब. लाल ठिपका बारीक होत गेला. वहिनी तोंड अर्धवट उघडं ठेवून ऐकत होती. एकाएकी तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

त्या विमानाचा आवाज मला इतक्या वर्षांत एकदाही ऐकू आला नव्हता. तो बंद झालेला मात्र मला स्वच्छ ऐकू आला.

"उतरले," वहिनी म्हणाली.

तिनं वाकून पदराचं टोक त्या खाऱ्या पाण्यात भिजवलं आणि कपाळ पुसलं. स्वतःच पुसलं, विधवा बायांनी येऊन पुसायची वाट पाहिली नाही. "काकायले सांगा, उद्या करा म्हणा." एवढं बोलून ती खाली खारावर बसली, आणि माणूस आजच गेलं की घरात बाया रडतात तशी गळा काढून रडली. तिला आवरायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मला ते जमलं नाही, कारण माझाही भाऊ त्याच दुपारी गेला होता.